ठिपके देतात, रेघ ओढतात

एकदा एका नदीकाठच्या गावात एक मानी बाई रांगोळीवरून रुसली, आणि तिच्या रुसण्याचं शेवटी भलंच झालं.

त्या गावच्या महादेवाच्या देवळात त्रिपुरी पौर्णिमेला सभामंडपापुढच्या फरशीवर ठिपक्यांच्या फुलांची मोठी रांगोळी निघे. ठिपके पंधरा ते आठ. म्हणजे मधली ओळ पंधरांची, आणि तिच्या वर नि खाली एकेक ठिपका कमी करत आठांवर थांबायचं. दोन ठिपक्यांमध्ये एक वीत अंतर. एक ठिपका मध्ये धरून भोवतालच्या सहांकडे पाकळ्या नेल्या की फूल झालं. फूल साधंच, पण तिन्हीसांजेला त्यातल्या मधोमधच्या फुलावर पहिली पणती ठेवायचा मान रांगोळी काढणारीचा असे. गावात या मानाला सोन्याच्या पाटल्यांपेक्षा जास्त वजन होतं.

चार वर्षं तो मान कालिंदीकडे होता. तिला रांगोळी शिकवली देवळाच्या गुरवांच्या घरातल्या चंद्राक्कांनी. अक्कांनी सत्तरी ओलांडली होती, तरी दरवर्षी पहाटे येऊन, गुडघ्यांवर सरकत, त्या सगळे ठिपके देऊन ठेवत. मग कालिंदी न्याहारी उरकून, ठेवणीतलं लुगडं नेसून, रेघा ओढायला येई. तिची रेघ होतीही तशीच. चिमटीतून पडे ती सुताच्या धाग्यासारखी, कुठे जाड नाही, कुठे तुटक नाही. माणसं थांबून विचारत, "ही कुणी काढली?" कालिंदी म्हणे, "मी." तिचा अभिमान फुकाचा नव्हता, हे आपणही मान्य करू. अक्का तेव्हा नंदीपाशी ताठ उभ्या राहत, जणू सत्कार त्यांचाच चाललाय. म्हातारीला कसली एवढी ऐट, असं कालिंदीच्या मनात येऊन जाई, आणि तेवढ्यावरच राही.

पाचव्या वर्षी कालिंदीचे वडील पहिल्यांदाच त्रिपुरीला यायचे होते. लेकीचा मान त्यांनी ऐकला होता, पाहिला नव्हता. गुडघे धरल्यामुळे पुढच्या वर्षी येणं होईल याची त्यांनाच खात्री नव्हती. कालिंदी चार दिवस आधीपासून दारात सराव करत होती.

आणि नेमक्या त्या सकाळी अक्कांनी रांगोळीचा डबा दिला वैजयंताच्या हातात. वैजयंता ही गिरणीवाल्यांची नवी सून, गेल्या श्रावणात शिकायला लागलेली. तिची रेघ गांडुळासारखी जाड नि वळवळती. कालिंदीला अक्का म्हणाल्या, "तू ठिपके दे."

कालिंदीला ते फार लागलं. तिनं हलक्या आवाजात विचारलं, की माझं काही चुकलं का, आणि आज माझे आबा यायचेत हे ठाऊक असून का? अक्का म्हणाल्या, "आधी ठिपके दे. मग बोलू." दुसरी कुणी असती तर पदर झटकून घरी गेली असती. पण कालिंदीनं अक्कांचा शब्द कधी मोडला नव्हता.

ठिपके म्हणजे काय, पोरीबाळींचं काम, असं समजून ती बसली. घरी तिच्याकडे उदबत्तीनं भोकं पाडलेला कागद होता. तो अंथरून वर रांगोळी फिरवली की ठिपके आपोआप पडत. पण इथे कागद पुरणार नव्हता, मापाला नुसती वीत होती. पंधरांची ओळ झाली, चौदांची झाली, तेरांची झाली. बारांच्या ओळीशी मान वर करून पाहिलं, तर ओळी एका अंगाला कलंडलेल्या. रागाच्या भरात तिची वीत कुठे ताणली गेली होती, कुठे आखडली होती. अशा ठिपक्यांवर कुणाचीही रेघ वाकडीच गेली असती, तिची स्वतःचीसुद्धा. तिनं ओल्या फडक्यानं सगळं पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला तिला राग करायलाही सवड नव्हती. एकशे एकोणसत्तर ठिपके संपले तेव्हा ऊन कळसावर आलं होतं आणि गुडघ्यांना फरशीचे वळ पडले होते. असे वळ अक्कांच्या गुडघ्यांना किती वर्षं पडत आले असतील, हे तिच्या प्रथमच ध्यानात आलं.

वैजयंता रेघ ओढू लागली. दुसऱ्याच पाकळीला तिची रेघ भरकटली. कालिंदीला डबा हिसकावून घ्यावासा वाटला. पण तिच्या तोंडून निघालं भलतंच: "हाताकडे बघू नकोस गं. पुढच्या ठिपक्याकडे बघ." वैजयंतानं तसं केलं आणि भरकटलेली रेघ ठिपक्याशी येऊन सरळ झाली. तिसरं फूल बरं आलं, दहावं चांगलं आलं. अखेरच्या फुलापर्यंत गांडुळाचा धागा झाला होता. अक्कांनी हळदीकुंकवाची चिमूट वाहिली. एकही ठिपका आता दिसत नव्हता.

सायंकाळी गाव लोटलं. कुणीतरी थांबून विचारलं, "ही कुणी काढली?" वैजयंता लाजत म्हणाली, "मी." हाच शब्द कालिंदी चार वर्षं म्हणत आली होती. तिनं नंदीपाशी उभ्या असलेल्या अक्कांकडे पाहिलं.

अक्का जवळ आल्या. म्हणाल्या, "आपल्या बोलण्यातच सगळं आहे बघ. रेघ ओढतात, आणि ठिपके देतात. ओढणारा हात आपल्याकडे येतो, त्यात वाईट काही नाही, शिकताना तसंच असतं. पण दिलेलं झाकलं जातं. झाकलं गेलं, म्हणजे कामी आलं. तुझी रेघ चार वर्षांमागंच पक्की झाली होती, कालिंदी. देता येतं का, एवढंच बघायचं राहिलं होतं."

वैजयंतानं पहिली पणती ठेवली. मग बाकीच्या बायकांनी एकेका फुलाच्या मध्यावर पणत्या मांडल्या आणि अंधारून आल्यावर त्यांच्या ओळी लागल्या, कुठेही न कलंडलेल्या.

एवढ्यात काठी टेकत कालिंदीचे वडील आले. त्यांनी गर्दीतून लेकीला शोधलं, पणती ठेवणाऱ्या परक्या पोरीकडे पाहिलं आणि गोंधळून विचारलं, "तुझी रांगोळी कुठली गं?"

आपली पाठ कधी ताठ झाली हे कालिंदीला कळलंही नाही.

"हीच, आबा," ती म्हणाली. "तिनं काढलीय. मी खाली आहे."

म्हाताऱ्याला ते सगळं कळलं की नाही, कोण जाणे. त्यांनी पणत्यांच्या सरळ ओळींवरून एक वार नजर फिरवली आणि लेकीच्या गुडघ्यापाशी लुगड्याला लागलेली पांढरी रांगोळी हातानं झटकायला वाकले. कालिंदीनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "राहू द्या."