नखं ठेवा आणि जा

सन दोन हजार एकोणीसचा वैशाख, ऐन लग्नसराई. साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांच्या पत्नी नलिनीदेवी यांनी कुंदाच्या पार्लरात ॲक्रिलिकची नखं बसवून घेतली. कुंदा दुपारभर राबली. एकेक नख घासून, कोरडं करून मगच तिनं वर लेप चढवला.

उठताना बाई मोठ्यानं म्हणाल्या, “असली कच्ची नखं! उद्याच गळतील. पैसे कसले मागतेस?”

बाकड्यावरच्या बायका ऐकत होत्या. हे खरं मानून त्या उठल्या, तर दुकान बसलंच. कुंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“पैसे राहू द्या, वहिनीसाहेब. कच्ची आहेत ना? मग इथंच उपटून ठेवा आणि जा.”

बाईंनी तोऱ्यात अंगठ्याचं नख ओढलं.

“आई गं!”

नख जागचं हललंही नाही. दुसऱ्या नखाला हात लावायचा धीर झाला नाही. त्यांनी पर्स उघडून पैसे चुकते केले.