सावळदऱ्याचा गालोबा

शके सोळाशे पंच्याण्णव, पौष महिना, हेमंत ऋतूचे अखेरचे दिवस. आपण ज्या पाटाच्या मुखाशी उभे आहात, तेथे त्या सकाळी सारे सावळदरे गाव जमले होते, असे सांगतात. बंधाऱ्यात त्या पाळीला जेमतेम एका शेताला पुरेल एवढेच पाणी साठले होते. ते कोणाला द्यावे, हा प्रश्न होता.

पिकाची तहान मोजण्याची त्या काळची रीत विलक्षण होती. पिकाला तोंड नाही, सबब मालकाने त्याच्या वतीने रडावे. ज्याचा आक्रोश मोठा, त्याच्या पिकाची गरज मोठी. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याने डोळे मिटून ऐकावे आणि निवाडा द्यावा. परिणामी गावातील गळे सुधारले. शेती सुधारली नाही.

पाटाच्या मुखाशीच दगाजीचा ऊस होता. त्याने परगावाहून रडण्यात वाकबगार अशा तीन मावश्या आणल्या होत्या. पाटाच्या शेवटी ठकूबाईचा गहू होता. ओंब्यांत दाणा भरत होता. हे पाणी चुकले तर सारे पोचट होऊन वर्षाचे अन्न जाणार होते. आणि नेमका त्याच दिवशी सर्दीने बाईंचा गळा बसलेला!

मावश्यांनी असा टाहो फोडला की उखाजी पाटकऱ्याला म्हणे आपली वारलेली आत्या आठवली. तो डोळे पुसत उसाच्या बाजूची फळी उचलू लागला. तोच ठकूबाईने दगाजीच्या शेतातील मूठभर माती उचलून दगाजीच्याच गालावर मारली. ती तेथेच चिकटली.

"काय वं बाई, गाल काय सारवायला काढलाय?" दगाजी ओरडला.

"पुसू नको, भाऊ," ठकूबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली. "कोरडी माती अशी चिकटते का? तुझा ऊस चिखलात उभा, अन् तू त्याच्या तहानेनं रडतोस! आता माझ्या शेतातली आण अन् मार मला."

दगाजी मोठ्या उत्साहाने धावला. परंतु त्या मातीचा गोळाच वळेना. निम्मी बोटांतून गळाली. उरलेली गालावर आपटून धूळ झाली आणि ठकूबाईला शिंक आली.

थोरल्या मावशीने रडणे थांबवले. "अगं, हिच्या गव्हासाठी तर आपण फुकट रडलो असतो!"

उखाजीने फळी खाली टाकली आणि पाणी गव्हाकडे वळवले.

पुढे काही दिवस परीक्षेचा गोळा उखाजीच्या गालावर मारीत. "हे घरी येतात की पाटाचा काठ घरी येतो?" असे त्याच्या पत्नीने विचारल्यावर पंचांनी हा शेंदरी दगड गालोबा म्हणून उभा केला. आजही पाणी मागणारा आपल्या शेतातील, वीतभर खोलीची माती आणून गालोबाच्या गालावर मारतो. चिकटली तर त्याने मुकाट्याने घरी जावे. फुटली तर फळी उघडते.

दगडाची स्थापना फाल्गुन वद्य पंचमीस झाली. ठकूबाईचा गहू तोवर खळ्यावर आला होता. पहिला गोळा दगाजीने मारला. उसाची जमीन आता खरोखरच सुकली होती, गोळा फुटला. उखाजी सवयीने डोळे मिटून बसला होता. दगाजी त्याला म्हणाला, "उघड डोळे, आज ऐकायचं काही नाही." आणि त्या दिवशी त्या बंधाऱ्यावरून दगाजीने प्रथमच न रडता पाणी नेले.