खिंडीअलीकडचा बूस्टर

एकदा एक वृद्ध मेस्त्री आपल्या शिष्याला घेऊन डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका घरी टीव्ही तपासायला गेले, आणि तिथे त्यांनी असे काही केले की शिष्याला चारचौघांत त्यांची लाज वाटली.

मेस्त्रींचे नाव दाजीबा. पंचक्रोशीतले रेडिओ आणि टीव्ही त्यांच्याच हातून दुरुस्त होत. शिष्य वासुदेव तिशीतला. हाताने चपळ, मनाने हळवा. कुणाला 'नाही' म्हणणे त्याच्या जिवावर येई.

घर त्र्यंबकरावांचे होते. पत्नी निवर्तलेली, आणि एकुलती एक मुलगी कुमुद असून नसल्यासारखी. लहानपणी तिला पेटीजवळ बसवून त्यांनी स्वतः गाणे शिकवले होते. पुढे तिने आपल्या मनाने लग्न केले, तेव्हा "मला मुलगी नाही," एवढेच बोलून त्यांनी दार लावून घेतले. तिचे सासर फार दूर नव्हते. समोरच्या डोंगरातली खिंड ओलांडली की पलीकडच्या उतारावर तिचे गाव. पण इतक्या वर्षांत त्र्यंबकराव कधी खिंडीपलीकडे गेले नाहीत, आणि बापाचा शब्द मोडून तीही अलीकडे आली नाही.

मग एके दिवशी बाजारात कुणीतरी त्यांना सांगितले, की येत्या रविवारी संध्याकाळी कुमुद टीव्हीवर गाणार आहे. दुसऱ्याच दिवशी त्र्यंबकरावांच्या घरी टीव्ही आला आणि गच्चीवर अँटेना चढला. पडद्यावर दिसल्या त्या नुसत्या मुंग्या.

"बूस्टर बसवा," त्र्यंबकराव मेस्त्रींना म्हणाले. "हवा तेवढा मोठा बसवा."

वासुदेवने पिशवीत हात घातलाही होता. नुकताच भातगिरणीच्या मालकाकडे त्याने बूस्टर बसवला होता आणि तिथले चित्र लख्ख झाले होते. पण दाजीबांनी बूस्टरकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी टीव्हीलाच हात घातला.

"धर दुसऱ्या बाजूनं," ते म्हणाले. "हा गच्चीवर न्यायचा."

अरुंद जिन्यातून तो जड टीव्ही दोघांनी कसाबसा वर चढवला. शेजारपाजारचे लोक अंगणात जमले. "मेस्त्री, टीव्हीला ऊन दाखवताय होय?" असे कुणीतरी खालून विचारले आणि हशा पिकला. वासुदेवची मान खाली गेली. दाजीबांनी अँटेनाची लांब वायर सोडवली, हातभर वायरीने टीव्ही थेट अँटेनाला जोडला, उन्हात पडदा दिसावा म्हणून डोक्यावरून घोंगडी ओढली आणि वासुदेवला अँटेना सावकाश चहूकडे फिरवायला लावला. बऱ्याच वेळाने ते घोंगडीतून बाहेर आले.

"त्र्यंबकराव, इथं बूस्टरचा उपयोग नाही."

"का नाही? गिरणीत चालतो तो इथं का नाही?"

"गिरणीत अँटेनापाशी चित्र चांगलं होतं. लांब वायरीतून खाली येताना ते क्षीण व्हायचं, म्हणून बूस्टरनं काम केलं. इथं अँटेनापाशीच मुंग्या आहेत. डोंगर आड आलाय. खांब कितीही उंच केला तरी तो आडच राहणार." मग दाजीबा आवाज खाली आणून म्हणाले, "खिंडीपलीकडे मात्र चित्र स्वच्छ येतं. कार्यक्रमाचं चित्रीकरण केव्हाच झालंय, रविवारी कुमुद घरीच असेल. चला, मी येतो तुमच्याबरोबर."

त्र्यंबकरावांचा चेहरा दगडासारखा झाला. "मी टीव्हीचं विचारलं होतं," ते म्हणाले आणि जिना उतरून गेले.

गुरू म्हातारे झाले, असे परतताना वासुदेवला वाटले. एक म्हातारा बाप मुलीचा चेहरा पाहायला आसुसला आहे, आणि हे त्याला अँटेनाचे शास्त्र ऐकवतात! प्रयत्न करून पाहायला काय जात होते?

रविवारी दुपारी तो एकटाच पुन्हा त्या घरी गेला. पाहतो तो त्र्यंबकराव धुतलेला सदरा आणि टोपी घालून ओट्यावर बसलेले. पायांत वहाणा होत्या.

"कुठं निघालात, काका?"

"कुठं नाही," ते घाईने म्हणाले. "तू कसा आलास?"

"बूस्टर आणलाय. दुकानातला सगळ्यांत मोठा. दिसेल, काका. मी सांगतो ना."

त्र्यंबकराव त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी वहाणा काढून भिंतीशी नीट लावून ठेवल्या आणि ते आत गेले.

संध्याकाळी कार्यक्रमाची वेळ झाली. वासुदेवने बूस्टर चालू केला. पडद्यावरच्या मुंग्या अधिक ठळक झाल्या, अधिक पांढऱ्या झाल्या. त्यांच्या उजेडाने खोली भरून गेली. नुसती खरखर होती ती आता गर्जना झाली. वासुदेव बटणे फिरवत राहिला, गच्चीवर धावला, अँटेना हलवून आला. त्र्यंबकराव पडद्यासमोर हात जोडल्यासारखे बसले होते. एकदा ते पुढे झुकले आणि त्यांनी काचेवर बोट ठेवले, जणू तिथे कुणाचा तरी खांदा दिसला असावा. मग बोट काढून घेतले. कार्यक्रमाची वेळ संपून गेली, तरी टीव्ही बंद करायला कुणी उठेना.

दुसऱ्या दिवशी वासुदेवने गुरूंना सारे सांगितले. दाजीबा रागावले नाहीत; हातातले काम त्यांनी बाजूला ठेवले.

"चित्र कोणतं आणि खरखर कोणती, हे बूस्टरला कळत नाही," ते म्हणाले. "हाती येईल ते तो वाढवतो. काहीच आलं नसेल, तर ते 'काहीच नाही'सुद्धा वाढवतो. एवढंच चुकलं असतं तर चाललं असतं, यंत्राची चूक दुरुस्त होते. पण काल तो माणूस वहाणा घालून बसला होता, वासुदेव. अनेक वर्षांनी त्यानं त्या खिंडीकडं जायला घातल्या होत्या. मी 'नाही' म्हटल्यावर त्याच्यापुढं दोनच गोष्टी उरल्या होत्या, जाणं किंवा न जाणं. तू त्याला घरी बसून भेटण्याची आशा दिलीस. दया आली तुला, हे खरं. पण त्या दयेनं त्याची वाट अडवली."

वासुदेवने विचारले, "आता काय करू?"

"बूस्टर काढून आण. आणि तो जे विचारील त्याचं खरं उत्तर दे."

वासुदेव तडक गेला तेव्हा त्र्यंबकराव घरातच होते. रात्रीत ते फार थकल्यासारखे दिसत होते. वासुदेवने बूस्टर सोडवला, वायरीचे वेटोळे केले. तो निघणार तोच पाठीमागून हलक्या आवाजात प्रश्न आला.

"मधेच एकदा सूर लागल्यासारखा वाटला मला. वरचा षड्ज. तो तिचाच होता ना रे?"

'हो' म्हणणे किती सोपे होते! तो शब्द वासुदेवच्या ओठांवर आलाही. तेवढ्या एका 'हो'वर त्या वृद्धाने उरलेले दिवस काढले असते, आणि खिंडीकडे पुन्हा कधी पाहिलेही नसते.

"नाही काका," तो म्हणाला. "ती खरखर होती."

त्र्यंबकरावांनी डोळे मिटून घेतले. बाहेर गुरे रानाकडे निघाली होती, त्यांच्या गळ्यांतल्या घंटा दूर दूर जात होत्या.

"खिंडीतून गाडी जाते अजून?"

"जाते. मी येतो ना बरोबर."

"आज नको," त्र्यंबकराव म्हणाले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मग केव्हा, असे वासुदेवने विचारले नाही, आणि उद्या नक्की जाऊ, असे वचनही दिले नाही. तो त्यांच्याशेजारी बसला आणि ते उठून आत जाईपर्यंत बसून राहिला.