विटकरी रंगाचा होला

खैरगव्हाण नावाच्या गावात रज्जाकभाई तांबोळी सायकली दुरुस्त करीत. त्यांना पाखरांचा नाद होता. लेकीने आपला जुना कॅमेरा दिला, तेव्हापासून तर हा नाद फारच वाढला. त्यांच्या जोडीला कुसुमताई घोलप असत. त्या दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि सारे गाव त्यांना अजून सिस्टरच म्हणे. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी दोघे गावाबाहेरच्या बाभळींत जात. रज्जाकभाई फोटो काढत. सिस्टर वहीत टिपण करीत. पक्ष्याचे नाव नक्की कळल्याशिवाय त्या ते लिहीत नसत.

त्या वर्षी ग्रामपंचायतीने बाभळी तोडून तिथे मंगल कार्यालय बांधायचे ठरवले. दोघांनी सरपंच इंदुमतीबाई खरात यांना विनवून पाहिले.

त्या म्हणाल्या, "रज्जाकभाई, बाभळी कुठेही उगवतात. गावातल्या मुलींची लग्नं मात्र दरवर्षी उन्हात लागतात."

त्यांचेही खोटे नव्हते. दोघे मान खाली घालून परतले.

आणि माघातल्या एका सकाळी बाभळीवर एक अनोळखी पक्षी दिसला. अंगलट होल्याची, म्हणजे कबुतरापेक्षा लहान आणि सडपातळ, बसणे होल्याचे, पण रंग! डोक्यापासून शेपटीपर्यंत विटेसारखा तांबडा. रज्जाकभाईंनी श्वास रोखून फोटो घेतले. घरी पुस्तक उघडले. त्यात एक लाल होला होता, पण त्याचे डोके राखाडी होते. याचे डोकेही तांबडेच. दोघांनी पानामागून पान उलटले. असा होला कुठेच सापडला नाही.

सिस्टरांनी वहीत लिहिले, 'होला. ओळख पटली नाही.'

रज्जाकभाईंनी मात्र फोटो ओळखीच्यांना पाठवला. तो या फोनवरून त्या फोनवर गेला. चौथ्या दिवशी जिल्ह्याच्या एका वर्तमानपत्रात छापून आला. खाली लिहिले होते, 'खैरगव्हाणात दुर्मीळ पाहुणा; सायकल दुरुस्त करणाऱ्याचा शोध.' आसपासच्या गावांतून लोक येऊ लागले. चहावाल्याला कप पुरेनात. रज्जाकभाईंचा हात धरून लोक म्हणत, "तुम्ही गावाचं नाव काढलंत."

सरपंचबाईही येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "एवढा लांबचा पाहुणा आपल्या बाभळीवर उतरला असेल, तर कार्यालयाची जागा बदलू. सोमवारच्या ग्रामसभेत तसा ठराव घेऊ."

रज्जाकभाईंना आभाळ ठेंगणे झाले. सिस्टर तेवढ्या म्हणाल्या, "पण नाव कुठे कळलंय अजून?"

"कळेल हो. मानेचा एक चांगला फोटो मिळू द्या."

त्यासाठी दोघे रविवारी पुन्हा गेले. बाभळींना लागूनच भुईमुगाचे शेत होते. तिथे तुषार सिंचन चालू होते. पाण्याचे बारीक फवारे गरगर फिरत होते. तो होला उडत येऊन त्या फवाऱ्याखाली बसला. मग एका अंगावर कलला आणि एक पंख वर उचलून धरला, अगदी बगल धुवायला हात वर करावा तसा. पंखावरून तांबडे पाणी ओघळू लागले. त्याने कूस बदलली. दुसरा पंख उचलला. तांबडे पाणी मातीत मुरत गेले आणि पंख राखाडी दिसू लागला. पाठही राखाडी. शेवटी मान धुतली गेली आणि मानेवरची काळी अर्धी कडी उघडी पडली.

तो साधा होला होता. तारेवर, घराच्या धाब्यावर, खळ्यावर रोज दिसतो तसला.

सिस्टरांनी शेतापलीकडे बोट दाखवले. तिथे विटांची भट्टी होती. बाजूला फुटक्या विटांच्या भुकटीचा ढीग पडला होता. ढिगावर तीन-चार होले ऊन खात लोळत होते.

रज्जाकभाईंच्या बोटाने सवयीने फोटो घेतले होते. ते बांधावर बसले.

"सिस्टर, हे आपण दोघांनीच पाहिलं."

"हो."

"उद्या ठराव झाला की बाभळी वाचतात. मग सावकाश सांगितलं तर?"

सिस्टरांनी वही उघडली. मग म्हणाल्या, "माझ्याही मनात तेच आलं. बाभळी मलाही हव्यात. पण आजच्या तारखेखाली मी काय लिहू, तेवढं तुम्ही सांगा."

रज्जाकभाईंनी कॅमेरा उघडला. फोटो पुसायच्या बटणावर अंगठा नेला आणि काढून घेतला. पुन्हा नेला. फवारा फिरत राहिला. होला पंख झाडून बाभळीवर जाऊन बसला.

"जे दिसलं ते लिहा," ते म्हणाले.

सोमवारी ग्रामसभेला कधी नव्हे ती गर्दी झाली. सरपंचबाई ठराव वाचायला उठल्या, तेवढ्यात रज्जाकभाई उभे राहिले.

"आधी माझं ऐका. तो पाहुणा नाही. आपलाच होला आहे. अंगाला भट्टीची भुकटी लागली होती. मी घाई केली. चूक माझी आहे." त्यांनी धुतलेल्या होल्याचे फोटो पुढे केले. ते हातोहात फिरले.

कोणीतरी मागून ओरडले, "भट्टीवरचा पाहुणा!" सभा खो खो हसली. रज्जाकभाईंचे कान लाल झाले, पण ते खाली बसले नाहीत.

सरपंचबाईंनी ठरावाचा कागद बाजूला ठेवला. "मग आता बाभळी तोडायला हरकत नाही ना?"

"हरकत आहे," रज्जाकभाई म्हणाले. "पण ती दुर्मीळ पक्ष्याच्या नावावर नाही. तिथं आज साध्या होल्यांची एकवीस घरटी आहेत. सिस्टरांनी एकेक मोजली आहेत. नऊ घरट्यांत पिल्लं आहेत. दुर्मीळ नाहीत, पण आहेत."

"एकवीस कशावरून?" कोणीतरी विचारले.

तेव्हा भिकाजीअण्णा दरंदले काठी टेकत उठले. मंगल कार्यालयासाठी सर्वांत जास्त हट्ट त्यांचाच होता. नातीचे लग्न ठरले होते.

अण्णा म्हणाले, "आज हा माणूस नुसता गप्प बसला असता, तरी त्याचं काम झालं असतं. पेपरातलं नावही राहिलं असतं. त्यानं आपणहून हसं करून घेतलं. असा माणूस एकवीस म्हणतो, तर वीस नसतील आणि बावीसही नसतील. माझं ऐकाल तर शाळेमागच्या पडीक जागेत कार्यालय बांधा."

हात वर झाले. रस्त्याकडेच्या पाच बाभळी रस्ता रुंद करायला गेल्याच, त्या कोणाला वाचवता आल्या नाहीत. त्यांवर घरटी नव्हती, हे सिस्टरांनी आधी पाहून घेतले. बाकीच्या सगळ्या बाभळी राहिल्या.

तात्पर्य: आपल्या फायद्याचा गैरसमज जो स्वतः होऊन दूर करतो, त्याच्या पुढच्या शब्दाला लोक पुरावा मागत नाहीत.