काच नसलेला कोनाडा

तांबेघळच्या देवसंग्रहालयात सगळे देव काचेआड आहेत. वारस उरला नाही म्हणून गावोगावच्या देवघरांतून आलेले टाक, मूर्ती, घंटा, समया. फक्त आतल्या खोलीतला एक कोनाडा उघडा आहे. त्यात खंडोबाचा चांदीचा टाक उभा आहे, तळहाताएवढा. रविवारी मुलाबाळांसह आलेल्या ढवळे कुटुंबातल्या धाकट्या मुलीने त्याला काच का नाही म्हणून विचारले, तेव्हा संग्रहालय राखणारे म्हातारे दगडूअप्पा भिंतीला टेकून खाली बसले आणि सांगू लागले.

फार वर्षांपूर्वी इथे पटकीची साथ आली होती. माणसे घरे सोडून रानात झोपड्या घालून राहिली. रानात देवांचे सोवळे कसे सांभाळणार? आज संग्रहालय आहे ते हे घर तेव्हा सुंदरा कासारणीचे. बांगड्या भरायची, विधवा होती, मूलबाळ नव्हते. ती म्हणाली, "माझ्यामागं रडणारं कुणी नाही. मी इथंच राहते. देव माझ्याकडं ठेवून जा. त्यांचं पाणी-फूल चुकणार नाही." आणि तिने ते चुकू दिले नाही, असे सांगतात.

साथ ओसरली. लोक नैवेद्य घेऊन आले, आपापले देव घेऊन गेले. शेवटी हौसा आली, एकटीच. सुंदराने तिचा खंडोबा तिच्या हातात ठेवला. हौसाने तो परत कोनाड्यात टाकला.

"ह्याच्या भरवशावर नवरा अन् दोन पोरं रानात नेली होती," ती म्हणाली. "ठेवा तुम्हालाच."

सुंदराने तिची समजूत घातली नाही. म्हणाली, "राहू दे इथं. पण तुझ्या वतीनं मी त्याला काही सांगणार नाही. जे सांगायचं ते तू येऊन सांग."

दुसऱ्या दिवशी हौसा खरेच आली. उंबऱ्यावर उभी राहून देवाला बोलत राहिली. मग रोजच येऊ लागली. तिचे बोलणे रस्त्यापर्यंत ऐकू जाई. गावातली जाणती माणसे घाबरली. देवाला असे बोलतात का? उद्या गावावर कोप झाला तर? ती हौसाला अडवायला आली, तेव्हा सुंदरा दारात आडवी बसली. "त्या दोघांचं घरचं आहे," ती म्हणाली. "आपण मधे पडायचं नाही."

पावसाळ्यात हौसा तापाने अंथरुणाला खिळली. ती यायची थांबली आणि म्हणे, टाक काळा पडला. सुंदराने चिंच लावली, राखेने घासला. काळेपण जाईना. मग ती हौसाच्या घरी गेली आणि एवढेच म्हणाली, "तो काळवंडलाय."

हौसा काठी टेकत आली. टाक तळहातावर घेऊन पहिल्यांदाच गप्प उभी राहिली. मग म्हणाली, "मी नाही आले तर तुझं असं होतं होय?" आणि रडली. पोरे गेल्यापासून ती रडलीच नव्हती. ते पाणी टाकावर पडले आणि चांदी उजळली, असे जुनी माणसे सांगत. मी काही पाहायला नव्हतो.

सुंदरा म्हणाली, "आता घेऊन जा घरी."

"नको. घरी नेला तर माझ्या एकटीचाच होईल. माझ्यासारखं अजून कुणी येईल, त्याला असू द्या."

एवढे सांगून दगडूअप्पा थांबले. मुलीने विचारले, "मग लोक आले?"

आले तर, अप्पा म्हणाले. आजही येतात. या कोनाड्यापुढे कोणी नारळ फोडत नाही, नवस बोलत नाही. एकाने आत जायचे, बाकीच्यांनी बाहेर आंब्याखाली थांबायचे. जे मनात असेल ते बोलायचे, रागाचे असले तरी. बाहेर आल्यावर त्याला कोणी काही विचारत नाही. पाणी पुढे करतात.

मंडळी उठली. मुलीची आई मात्र तिथेच कोनाड्याकडे बघत उभी होती. नवऱ्याने एकदा तिच्याकडे पाहिले आणि मुलीचा हात धरून तिला बाहेर नेले.

"ताई," दगडूअप्पा हळूच म्हणाले, "दार ओढून घेऊ?"

तिने होकारार्थी मान हलवली.