महाराजांना नापास नर्स हवी

हिरडीच्या रानातल्या प्राण्यांनी एकदा ठरवलं, की आता राजा निवडून आणायचा. रीतसर मतदान झालं आणि ज्याचा जबडा सगळ्यांत मोठा होता, तो सिंह प्रचंड बहुमताने निवडून आला. त्याने तरसाला आरोग्यमंत्री केलं. रानात कोण आजारी आहे हे तरसाला सगळ्यांच्या आधी कळायचं, तेव्हा हे खातं त्याच्याकडे जाणं सगळ्यांना योग्यच वाटलं.

रानात ओढ्याकाठी एक दवाखाना होता आणि त्याला लागून नर्सिंगचं विद्यालय. प्राचार्या होत्या बगळेबाई. एका पायावर उभ्या राहून त्या सगळा कारभार बघत आणि दुसरा पाय कुठे टेकायचा, ते वारा बघून ठरवत. याच विद्यालयात साळिंदराची लेक सगुणा पहिल्या वर्षाला होती. तिचे वडील सापळ्यात अडकून गेले, तेव्हा तोंडात पाणी घालायलाही जवळ कुणी नव्हतं. म्हणून तिने ही वाट धरली. घरचे म्हणाले, "अंगभर काटे घेऊन कुणाच्या उशाशी बसणार आहेस तू?"

"काटे मिटूनही बसता येतं," सगुणा म्हणाली.

विद्यालयाचे नियम जुने होते. पहिल्या वर्षातून दुसऱ्या वर्षात जायचं तर वॉर्डात हजेरी हवी, लेखी परीक्षेत पास व्हायला हवं, आणि प्रात्यक्षिक संपलं तेव्हा रुग्ण जागेवर हवा. या शेवटच्या अटीकडे कुणाचं कधी लक्षच गेलं नव्हतं, कारण रुग्ण जागेवरच असायचे.

त्या वर्षी मंत्र्यांचे भाचे, युवानेते झुंजारराव तरस यांनी विद्यालयात प्रवेश घेतला. प्रात्यक्षिकाला त्यांच्या वाट्याला तापाने फणफणलेला एक ससा आला. बगळेबाई तपासायला आल्या तेव्हा खाटेवर चादर होती, चादरीवर थर्मामीटर होता आणि झुंजारराव मिशा पुसत होते.

"रुग्ण कुठे आहे?"

"ताप पूर्ण उतरला, मॅडम."

बगळेबाईंनी त्यांना नापास केलं. त्याच दुपारी मंत्री स्वतः विद्यालयात आले. चहा घेतला, मुलांची चौकशी केली आणि जाता जाता म्हणाले, "बाई, मागचं ते माशांचं तळं अजून तुमच्याकडेच आहे ना? नाही, सहज विचारलं."

आठवड्याभरात 'प्रगती धोरण समिती' बसली. अध्यक्ष लांडगा, सचिव कोल्हा, आणि रुग्णांची बाजू मांडायला एक तितर. पहिल्या बैठकीनंतर तितराची जागा रिकामी झाली. ती भरायची कुणाला घाई नव्हती. धोरण तयार झालं आणि मंत्र्यांनी ते भर सभेत जाहीर केलं.

"बंधू-भगिनींनो, पिल्लांनो आणि उबवणीत असलेल्या माझ्या मतदारांनो! आधीच्या राजवटीत आमची मुलं नापास होत होती. कुणामुळे? रुग्णांमुळे! आजारी पडायचं रुग्णाने आणि वर्ष वाया जायचं आमच्या मुलाचं! हा अन्याय आम्ही संपवला आहे. यापुढे रुग्ण खाटेवर नसेल, तर तो बरा होऊन घरी गेला, असं समजण्यात येईल. आणि माझं भाषण म्हणजेच आरोग्यसेवा असल्यामुळे भाषणाची हजेरी हीच वॉर्डाची हजेरी! बोला, मागे कोण राहणार?"

"कोणी नाही! कोणी नाही!" सभा गरजली. पुढच्या रांगेत लांडगे होते, त्यामुळे मागच्या रांगाही जोरात गरजल्या.

सगुणा त्या सभेला नव्हती. मागचा पाय मोडलेली भेकरमावशी त्याच दुपारी दवाखान्यात आली होती. पायाला बांबूच्या कामट्या बांधून सगुणा तिच्याजवळ बसली होती. कळ आली की मावशी सगुणाचा पंजा घट्ट धरायची, आणि कळ ओसरली की विचारायची, "तो बाहेर आरडाओरडा कसला गं?"

"आपलं भलं चाललंय, मावशी."

निकालाच्या दिवशी झुंजारराव पहिले आले. सगुणा नापास झाली. ती बगळेबाईंकडे गेली.

"बाई, माझी लेखी चांगली गेली होती. मावशीही चालायला लागतील आता."

"हजेरी कमी पडली गं तुझी."

"मी तर वॉर्डातच होते!"

"तेच म्हणते मी. वॉर्डात होतीस, म्हणजे गैरहजर होतीस." बगळेबाईंनी पाय बदलला. "आणि तुझा रुग्ण अजून खाटेवर आहे. नव्या नियमाप्रमाणे तो बरा झालेला नाही."

सगुणाला बाईंवर ओरडायचं होतं, पण बाईंच्या डोळ्यांत तिला तळं दिसलं, तळ्यातले मासे दिसले, आणि ती वॉर्डात परत गेली. मावशीला पाणी द्यायची वेळ झाली होती.

झुंजाररावांची प्रगती मात्र वाऱ्याच्या वेगाने झाली. गुणी विद्यार्थ्याला रखडवायचं नाही म्हणून दोन वर्षं एकाच दुपारी उरकली, आणि ते थेट मुख्य परिचारक झाले. वॉर्ड भराभर रिकामे व्हायला लागले. मंत्र्यांनी जाहीर केलं, की रानाचं आरोग्य इतकं कधीच सुधारलं नव्हतं. रिकाम्या खाटांसमोर उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतले.

एका सकाळी झुंजारराव भेकरमावशीच्या खाटेशी आले. गळ्यात रुमाल बांधलेला होता.

"मावशींना आज घरी सोडायचं आहे," ते ओठ चाटत म्हणाले.

मावशीने चादर नाकापर्यंत ओढली. सगुणा उठून खाटेच्या आडवी उभी राहिली.

"मावशी निजल्यात. नंतर या."

"मी तुझा वरिष्ठ आहे. बाजूला हो."

सगुणाने पाठ फिरवली आणि इतके दिवस मिटून ठेवलेले काटे सळसळून उभे केले. झुंजाररावांनी नाक पुढे घातलं आणि केकाटत मागे घेतलं. मावशी त्याच दुपारी लंगडत का होईना, पण स्वतःच्या पायांनी घरी गेली. सगुणावर बेशिस्तीचा ठपका आला आणि ती पुन्हा नापास झाली. आता सगळ्या विद्यालयात नापास अशी ती एकटीच उरली.

पावसाळा सरला आणि महाराजांच्या वाढदिवसाची मेजवानी झाली. मेजवानीतलं मांस चार रानांतून भेट आलेलं होतं, आणि कोणत्या रानातलं कधीचं होतं ते विचारणं शिष्टाचारात बसत नव्हतं. महाराजांना जुलाब सुरू झाले. संध्याकाळपर्यंत आयाळ चिकटली, डोळे खोल गेले, डरकाळीचं नुसतं कण्हणं झालं. मंत्री लगबगीने आले.

"महाराज, काळजी नसावी. रानातला सर्वोत्तम परिचारक सेवेला आणला आहे."

मागून झुंजारराव आले. त्यांनी महाराजांची नाडी बघितली. मग मांडी दाबून बघितली. मग गळ्यातला रुमाल नीट केला.

महाराजांनी उरलेला सगळा जीव गोळा करून डरकाळी फोडली. "याला बाहेर काढा! मला पास झालेलं कुणी नको! नापास कोण आहे? तिला बोलवा!"

सगुणा आली. तिने काही अवघड केलं नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ आणि गूळ घालून ते घोट घोट पाजलं, अंथरूण बदललं, अंग पुसलं, आणि महाराज बरे होईपर्यंत जवळून हलली नाही. मधेच महाराज लहान पिल्लासारखे म्हणाले, "तू जाणार नाहीस ना?" ती म्हणाली, "नाही." इतक्या जवळून तिला तो जबडा तेवढा मोठा वाटला नाही.

बरे झाल्यावर महाराज प्रसन्न झाले. "माग, काय हवं ते माग!"

"महाराज, मला दुसऱ्या वर्षात जाऊ द्या."

महाराज गंभीर झाले. "ते सोडून माग. तू पास झालीस, तर मला कोण बघणार?"

सगुणा राजवाड्यात राहिली, सन्मानाने नापास. तिला सावलीतली गुहा मिळाली. हे बघून लांडग्यालाही नापास नर्स हवीशी झाली, कोल्ह्यालाही. मग नवं धोरण आलं: यापुढे फक्त हुशार विद्यार्थ्यांनाच नापास करण्यात येईल. आया पिल्लांना म्हणू लागल्या, "नीट अभ्यास कर, म्हणजे नापास होशील."

जिथे सावली, तिथे वशिला. झुंजाररावांना आपण पास झाल्याची लाज वाटू लागली. मंत्र्यांनी विशेष बाब म्हणून त्यांची पदवी मागे घेतली आणि त्यांना पहिल्या वर्षापासून सलग नापास केलं. गुलाल उधळला. चौकाचौकात फलक लागले: 'नापास झाल्याबद्दल युवानेत्यांचे हार्दिक अभिनंदन!' राजवाड्यातली सेवेची जागा एकच होती. ती झुंजाररावांना देण्याचा आदेश निघाला, आणि महाराजांनी नेहमीप्रमाणे न वाचता त्यावर पंजा उमटवला.

बगळेबाईंनी सगुणाला बोलावलं. "तुला पास व्हावं लागेल गं. वरून आलंय."

अशा रीतीने सगुणा दुसऱ्या वर्षात गेली आणि आपल्या वॉर्डात परतली. झुंजारराव आता राजवाड्यात असल्यामुळे वॉर्डातले रुग्ण जागेवर राहू लागले. महाराजांची प्रकृती उत्तम असल्याचं पत्रक मंत्री रोज काढू लागले.

एकदा पाठीला तडा गेलेल्या म्हाताऱ्या कासवाला सगुणा लेप लावत होती. कासवाने मान बाहेर काढून विचारलं, "पोरी, महाराज बरेच दिवस कुठे दिसले नाहीत गं?"

"पत्रक येतंय ना, आजोबा?"

"येतंय."

"कारभार चाललाय ना?"

"होता तसाच चाललाय."

"मग पडून राहा," सगुणा म्हणाली. "मान आत घ्या."