कळा आणि अर्धशिशी

“मग तुम्हीच सांगा अक्का, कोणतं दुखणं मोठं? बाळंतपणाच्या कळा, की माझं डोकं?”

अक्का शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

टेकडीवरच्या त्या लहानशा मठात अक्का एकट्याच राहत. खालच्या गावातल्या बायका गुरुवारी भजनाला येत. हेमलता सगळ्यांत पुढे बसे. पोथी तिला तोंडपाठ होती. अक्कांनी काही विचारलं की पहिलं उत्तर तिचं असे, आणि ते पहिलं होतं हे तिला घरी जाईपर्यंत आठवत राही.

आज गुरुवार नव्हता. ती सकाळीच चढून आली होती.

तिला लग्नाआधीपासून अर्धशिशी होती. सुरू झाली की उजव्या डोळ्यामागे कुणी तापलेली सळई फिरवावी तसं होई. उजेड सहन होत नसे, भांड्याचा आवाज सहन होत नसे. उलट्या होत. खिडकीला घोंगडी लावून ती दिवसदिवस पडून राही. तालुक्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या. त्या कधी लागू पडत, कधी नाही.

धाकट्या जावेला, कौसल्येला, यंदा मुलगा झाला. सरकारी दवाखान्यात डॉक्टर रजेवर होते, नर्स एकटी. रात्रभर आणि दुसरा सबंध दिवस कळा चालल्या. इंजेक्शन नाही, काही नाही. टाकेसुद्धा भूल न देता घातले.

सासूबाई ही हकिकत आल्यागेल्याला सांगत. सांगून झालं की हेमलताकडे बघत. हेमलताची मुलगी सिझरने झाली होती.

“थोरलीला काय, गुंगीत पोर झाली,” असं त्या म्हणत, आणि पाहुण्या हसत.

मग बारसं आलं. नेमकं त्याच दिवशी हेमलताचं डोकं उठलं. बाहेर पाळणा म्हणत होते आणि ती आत कपाळाला पदर आवळून पडली होती. दाराबाहेर कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, तिला बघवत नसेल.

ते तिने ऐकलं. त्यानंतर दोघी जावांमध्ये मीठ-पिठापुरतंच बोलणं उरलं.

हे सगळं सांगून हेमलता थांबली.

“डोकं खरंच दुखत होतं, अक्का.”

“हो.”

“नाटक नव्हतं ते.”

“आणि बघवत होतं का?”

“नव्हतं,” हेमलता म्हणाली.

अक्कांनी आणखी एक मूठ शेंगा पुढे ओढल्या.

हेमलताला मग थांबवेना. कळा किती जरी झाल्या तरी एकदा येतात आणि संपतात, ती म्हणाली. तिचं डोकं दर महिन्याला परत येतं. कळा सोसल्यावर हातात बाळ येतं. तिच्या हातात काय येतं? उलटीची बादली, तीही तिनेच धुवायची. कौसल्येला डिंकाचे लाडू मिळाले, अंगाला तेल लावायला बाई मिळाली, नवी साडी मिळाली. तिला एवढंच ऐकायला मिळतं, की पुन्हा का?

“एकदा तुम्ही निवाडा करा. तुमचं घरात सगळे ऐकतात.”

“तुझं मोठं ठरलं तर काय करशील?”

“घरी जाऊन सांगेन.”

“त्याने डोकं थांबेल?”

हेमलताने क्षणभरही विचार केला नाही.

“नाही थांबलं तरी चालेल.”

अक्कांचे हात थांबले.

त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग बाहेर कोण बसलंय म्हणून विचारलं. कौसल्या होती. थोरलीला उन्हाचा त्रास होतो, वाटेत कुठे पडायला नको, म्हणून सासूबाईंनी तिला बळेच बरोबर धाडलं होतं. सगळी टेकडी दोघी न बोलता चढल्या होत्या.

अक्कांनी तिला आत बोलावलं. ती दाराशीच टेकली.

“माप काढायचं तर दोन्ही दुखणी समोर पाहिजेत,” अक्का हेमलताला म्हणाल्या. “हिचं तू सांग.”

हेमलताने सांगितलं. रात्रभर कळा, दुसरा दिवसभर कळा, नर्स एकटी, भूल न देता टाके. सासूबाई सांगत त्याच क्रमाने, जवळजवळ त्यांच्याच शब्दांत. फार वेळ लागला नाही.

“ओरडली का ही?”

“हूं की चूं नाही केलं म्हणे.”

“म्हणे…” अक्का म्हणाल्या.

कौसल्या जमिनीकडे बघत होती. तिथूनच ती हळू बोलली.

“घरी आले तेव्हा माझा घसा पार बसला होता. कितीतरी दिवस आवाजच फुटत नव्हता.”

हेमलताने आठवून पाहिलं. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ बाळंतिणीचं ताट तीच आत नेऊन देत होती. तिने पुन्हा आठवून पाहिलं. ताट आठवलं, ताटातली मेथीची भाजी आठवली. आवाज काही आठवेना.

“आता तू हिचं सांग,” अक्का कौसल्येला म्हणाल्या.

कौसल्येने मान हलवली. थोरल्या जावेसमोर कसं बोलायचं, असं ती पुटपुटली. अक्का वाट बघत राहिल्या.

“आदल्या संध्याकाळी ताईंना जांभया येतात,” ती अखेर म्हणाली. “एकामागून एक. मग शब्द चुकतात. तांब्या दे म्हणायचं तर वाटी दे म्हणतात. उजवी पापणी जराशी खाली येते. तोवर त्यांना स्वतःलाही काही कळलेलं नसतं.”

हेमलताने तिच्याकडे मान वळवली.

“फोडणीचा वास आला की त्यांच्या पोटात ढवळतं. म्हणून त्या दिवशी मी फोडणी परसातल्या चुलीवर देते. कोंबड्या पण तिकडेच हाकलते. खोलीत त्या कण्हत नाहीत. भिंतीला डोकं दाबून बसतात आणि पदर दातांत धरतात, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून. दुखत असताना रडत नाहीत. उतरल्यावर रडतात, तोंड धुवायला गेल्या की. मग बाहेर येऊन विचारतात, भाजी काय करायची.”

ती थांबली.

“हे तुला… कसं गं ठाऊक?” हेमलताने विचारलं. तिचा आवाज तिचा वाटत नव्हता.

कौसल्येचा चेहरा तापल्यासारखा लाल झाला. खोटं बोलावं असं तिला वाटलं असेल. पण अक्का समोर होत्या.

“हेव्यापोटी, ताई.”

“कसला हेवा? माझा?”

“तुमचाच. तुमचं डोकं दुखलं की सगळं घर गप्प होतं. मोठे भाऊजी पायातल्या वहाणा हातात घेऊन अंगणातून जातात. माझ्यासाठी कुणी कधी रेडिओसुद्धा बारीक केला नाही. कौतुक झालं ते लोकांसमोर. बारशाची माणसं गेली आणि त्याच संध्याकाळी मी भाकरी थापायला बसले. टाके ओले होते माझे.”

आता तिने सरळ हेमलताकडे पाहिलं.

“मला वाटायचं, तुमचं हे सोंग आहे. एकदा पकडायचं आणि सगळ्यांसमोर उघडं पाडायचं. म्हणून बघत राहिले. दाराच्या फटीतून, स्वयंपाकघरातून, जमेल तिथून. सून होऊन आले तेव्हापासून बघतेय…”

“मग?”

“सोंग सापडलं नाही.”

बाहेर वारा सुटला होता. शेंगांची टरफलं जमिनीवरून सरकत दाराकडे गेली. ती गोळा करायला कुणी उठलं नाही.

हेमलता जावेकडे बघत होती. आपण सांगितलेली कौसल्येची हकिकत केवढीशी झाली, हे तिच्या ध्यानात येत होतं. टाके ओले होते, हे त्यात नव्हतं. घसा बसला होता, हेही नव्हतं. आणखी काय काय नव्हतं, ते तिला सांगता आलं नसतं.

तिची मान खाली गेली. मग तिला पोथीतलं सगळं आठवलं असावं, मत्सराविषयीचं, मनाच्या मळाविषयीचं. ती सरसावून बसली. तिने हात जोडले, डोळे मिटले आणि गुरुवारच्या भजनातल्यासारख्या स्वच्छ आवाजात म्हणाली,

“अक्का, तुमच्यासमोर सांगते. आजपासून मी हिचा हेवा करणं सोडलं.”

अक्कांनी पुन्हा एक शेंग उचलली. दाणे काढले, आणि टरफल बाजूला टाकलं.

“सोडू नकोस,” त्या म्हणाल्या. “तुझा हेवा अजून फार कच्चा आहे, बाई. घरी जा… आणि हिच्यासारखा नीट कर.”